वेड कीं ध्यास ?

आपल्या घरांतून ‘वेड’ हा शब्द दिवसाकाठीं किती वेळां उच्चारला जातो, याची कोणी मोजदाद केली तर ती मोठी मनोरंजक होईल. धाकट्या चिरंजीवांस क्रिकेटचें वेड, थोरल्या सूनबाईंस विणकामाचें वेड, आजोबांस शब्दकोड्यांचें वेड, आणि या सर्वांनीं एका पंक्तीला जेवावें हें आजीबाईंचें वेड ! हा शब्द उच्चारतांना कोणाच्याहि कपाळाला आठी पडत नाहीं. उलट त्यांत थोडेंसें कौतुकच असतें. परंतु त्याच घरांत खरोखरीचें वेड शिरलें, म्हणजे मात्र हा शब्द एकाएकीं नाहींसा होतो. ‘त्याची प्रकृति जरा बरी नसते’, ‘अतिअभ्यासानें डोकें तापलें आहे’, ‘तिला एकांत आवडतो’ अशी आडपडद्याची भाषा सुरू होते. घरांत लग्नाचें मूल असलें तर तेवढेंहि बोललें जात नाहीं.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपण इतक्या सहजपणें वापरतों, कीं त्या दोहोंमधील सीमारेषा कोठें आहे याचा विचार करण्याची आपणांस गरजच भासत नाहीं. ती भासते एखाद्या दिवशीं अचानक. घरांतील कर्ता पुरुष चालता धंदा सोडून देतो, रात्र रात्र झोपत नाहीं, एकाच गोष्टीविषयीं बोलत राहतो, घरांतील चीजवस्तु विकूं लागतो. अशा वेळीं त्याच्या माणसांनीं काय समजावें ? त्याच्या पाठीशीं उभें राहावें, कीं त्याला डॉक्टरांकडे न्यावें ?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. इ. स. १९११ सालीं मुंबईंतील एका घरांत तो अगदीं याच स्वरूपांत उभा राहिला होता. आणि त्या घराचा आमच्या नाशिकशीं फार जवळचा संबंध आहे.

एका घरांतील एक वर्ष

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपणां सर्वांचे दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें एका विद्वान शास्त्र्यांच्या घरीं झाला. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचें कलाभवन, गोध्र्याचा फोटोग्राफीचा व्यवसाय, सरकारी पुराणवस्तु खात्यांतील नोकरी आणि शेवटीं चित्रें छापण्याचा कारखाना, असा त्यांचा प्रवास झाला. छपाईची नवी विद्या पाहण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीसहि जाऊन आले. चाळिशीस पोंचलेला, हातीं हुन्नर असलेला, बायकामुलांचा हा गृहस्थ कोणाहि वडीलधाऱ्यानें ‘मार्गाला लागला’ असें म्हणावें असाच होता. १९११ मध्यें भागीदारांशीं बिनसलें आणि ते छापखान्यांतून बाहेर पडले. त्याच वर्षीं ईस्टरच्या दिवसांत गिरगांवांतील एका चित्रगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचें जीवन सरकत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें रामकृष्णांचीं चरित्रें उभीं राहत होतीं, असें त्यांनीं पुढें ‘नवयुग’ मासिकांतील आपल्या लेखांतून सांगितलें आहे.

त्यानंतरचें वर्ष त्या घरानें कसें काढलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. रोज संध्याकाळीं चार-पांच तास चित्रपट पाहावयाचे, आणि उरलेला वेळ त्यांच्या विचारांत व प्रयोगांत घालवावयाचा. झोप जवळजवळ संपली. डोळ्यांवर ताण पडून पडून दृष्टि इतकी बिघडली, कीं कांहीं काळ दोन्ही डोळ्यांनीं दिसेनासें झालें. डॉक्टरांच्या उपचारांनीं आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साह्यानें दृष्टि परत येते न येते, तोंच पुन्हां तोच उद्योग ! पैसा हवा म्हणून बारा हजारांच्या विमा-पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचें कर्ज काढलें, आणि फेब्रुवारी १९१२ च्या आरंभीं स्वारी विलायतेस निघाली. मागें पत्नी आणि लहान मुलें.

आतां क्षणभर दादासाहेबांचें नांव बाजूला ठेवा, आणि हीच हकीकत एखाद्या डॉक्टरांपुढें सांगितली जात आहे असें समजा. झोप नाहीं, पैशाचा पाचपोच नाहीं, योजना मात्र आभाळाएवढ्या, बोलण्यांत दुसरा विषय नाहीं, शरीराचे हाल होत आहेत याची शुद्ध नाहीं. उन्मादाच्या विकाराची शंका आली असतां आजचे मनोविकारतज्ज्ञ ज्या गोष्टी आवर्जून विचारतात, त्यांपैकीं बहुतेक येथें सांपडतील. तेव्हां मित्रमंडळींस शंका आली यांत नवल नाहीं. यांना वेड्यांच्या इस्पितळांत नेऊन पोंचवावें, असा बेत एका परिचितानें केला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. आपण त्या परिचितास हसतों. परंतु त्याच्या जागीं आपण असतों तर ?

हसतां हसतां पक्ष बदलतो

हें हसणें कोणाला, हाच प्रश्न श्री. परेश मोकाशी यांनीं आपल्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटांत मोठ्या खुबीनें घातला आहे. २००९ सालीं भारतातर्फे ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेसाठीं हा मराठी चित्रपट पाठविण्यांत आला होता, हें अनेकांस आठवत असेल. नांवाचा उगमहि गमतीचा आहे. चित्रपटाचा धंदा तेव्हां लोकांना ठाऊक नव्हता, आणि ठाऊक झाला तरी कुलीनांचा वाटत नव्हता. म्हणून ‘आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत काम करतों’ असें बाहेर सांगावें, अशी सूचना दादासाहेबांनीं आपल्या नटांस दिली होती.

वेडाची गोष्ट सांगावयाची म्हटली, म्हणजे दिग्दर्शक सहसा काळोख, विस्फारलेले डोळे आणि कर्कश संगीत यांचा आश्रय करतात. मोकाशी यांनीं तसें कांहीं केलेलें नाहीं. त्यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागीं स्थिर उभा राहतो. माणसें चौकटींत येतात, आपली लगबग उरकतात आणि निघून जातात. जुन्या मूकपटांचीच ही रीत. या रीतीमुळें आपण आपोआप शेजाऱ्याच्या भूमिकेंत जातों. शेजाऱ्याला तरी काय दिसतें ? समोरच्या घरांतून आज कपाट गेलें, उद्यां खुर्च्या गेल्या. यजमान मुलांना घेऊन भलत्या वेळीं कोठें तरी निघाले. आंतलें कांहीं दिसत नाहीं. बाहेरची हालचाल तेवढी दिसते.

नंदू माधव यांनीं उभे केलेले दादासाहेब कोणाची सहानुभूति मागत नाहींत, कोणावर रागावत नाहींत, आपण थोर आहोंत असेंहि कधीं म्हणत नाहींत. ते सदा घाईंत असतात आणि सदा आनंदांत असतात. प्रथम आपण त्यांच्या शेजाऱ्यांबरोबर त्यांना हसतों. मग स्त्रीपात्रासाठीं चाललेली वणवण, मिशी उतरविण्यास तयार नसलेले नट, तारामतीच्या वेषांतील साळुंके, असे एकेक प्रसंग येत जातात. आणि चित्रपट निम्मा होण्याच्या आंत आपण दादासाहेबांच्या बाजूनें उभे राहून शेजाऱ्यांना हसूं लागतों. पक्ष केव्हां बदलला, हें प्रेक्षकाचें प्रेक्षकालाहि कळत नाहीं. वेड ही गोष्ट पाहणाऱ्याच्या जागेवर किती अवलंबून असते, हें शंभर व्याख्यानांनीं पटलें नसतें तें या हसण्यानें पटतें.

एका मिनिटाचा चित्रपट

परंतु या कथेचें खरें मर्म मला वाटतें एका निराळ्याच चित्रपटांत आहे. तो जेमतेम एका मिनिटाचा असून त्यांत एकहि माणूस नाहीं.

एप्रिल १९१२ मध्यें दादासाहेब विलायतेहून परत आले. पाठोपाठ मागविलेला विल्यमसन कॅमेराहि आला. भांडवल द्यावयास मात्र कोणी तयार नव्हता. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीपुढें कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीचीं चित्रें टिपीत राहिले. बीं रुजलें, अंकुर वर आला, पानें फुटलीं, वेल चढूं लागला. तीं सारीं चित्रें सलग दाखवितांच महिन्याची वाढ मिनिटभरांत डोळ्यांपुढें उभी राहिली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून प्रसिद्ध असलेला तो हा चित्रपट. निवडक मंडळींना तो दाखविला; त्यांतील कांहींजण थक्क झाले आणि त्यांनीं कर्ज देऊं केलें.

वेडाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा चित्रपट म्हणजे ध्यासाचें आरशांतलें प्रतिबिंब होय. पडद्यावर वाटाण्याचा वेल दिसतो. न दिसणारा मनुष्य मात्र महिनाभर त्याच्यासमोर ठाण मांडून बसलेला आहे. त्या महिन्यांत कोणी पाहुणा घरीं आला असेल, तर कुंडीचे फोटो काढीत बसलेला चाळीस-बेचाळीस वर्षांचा बेकार गृहस्थ पाहून त्याची खात्रीच पटली असेल !

आणि तरीहि शहाणपणाचा पुरावा त्या कुंडींतच होता. दादासाहेबांनीं एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाहीं. आधीं लहान प्रयोग केला. तो लोकांपुढें ठेवला. ‘मला ठाऊक आहे’ असें म्हणून ते थांबले नाहींत. ‘तुम्हीच पाहा’ असें म्हणाले. लंडनमध्यें ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनीं त्यांना आधीं या नादीं लागूं नका असेंच सांगितलें होतें. दादासाहेबांनीं तें ऐकून घेतलें, आपली बाजू मांडली, आणि त्याच केबर्नच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत जाऊन काम शिकून घेतलें. डोळे गेले तेव्हां ते डॉक्टरांकडे गेले. सारांश, त्यांचें मन एका गोष्टीनें भरून गेलेलें असलें तरी त्याचें दार उघडें होतें. बाहेरचें जग कांहीं बोललें, तर तें आंत पोंचत होतें.

ध्यास आणि विकार यांमधील पहिला भेद मला येथें दिसतो.

काकींचा वाटा

दुसरा भेद सरस्वतीबाईंच्या रूपानें दिसतो. घरांत व कंपनींत त्यांना सर्वजण ‘काकी’ म्हणत. दागिने गहाण पडले ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते, आणि पतिव्रतेच्या त्यागाचा दाखला म्हणून तिच्यावर दोन अश्रूहि ढाळले जातात. परंतु काकींचें मोठेपण दागिन्यांपुरतें मानणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. कच्च्या फिल्मला कडेनें भोकें पाडण्याचें काम काळोखांत बसून करावें लागे; तें त्या शिकल्या. कॅमेरा हाताळावयास शिकल्या. फिल्म धुण्याची रासायनिक क्रिया शिकल्या. त्याच हातांनीं साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, तेव्हां तें एका माणसाचें वेड राहिलेलें नव्हतें; त्या घराचा तो धंदा झाला होता.

विभावरी देशपांडे यांनीं चित्रपटांत काकींची भूमिका फार समजून केली आहे. ही पत्नी डोळे मिटून मागें जात नाहीं; ती विचारते, पाहते, पटलें म्हणजे कामाला लागते. नवराहि तिला सांगतो, दाखवितो, शिकवितो. ज्याला ध्यास लागलेला असतो तो आपली गोष्ट दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें सांगूं शकतो, आणि दुसऱ्यास तींत जागा करून देतो.

तथापि एक तक्रार नोंदविणें अवश्य आहे. चित्रपट विनोदाच्या भरांत अंधत्वाचे दिवस भर्रकन् ओलांडून जातो. कर्ज, गहाण, पोराबाळांच्या तोंडचा घांस यांची धास्ती प्रेक्षकास फारशी शिवत नाहीं. त्यामुळें एक घातक समज बळावण्याचा संभव आहे. तो असा, कीं जग ज्याला वेडा म्हणतें तो आंतून प्रतिभावानच असतो. कवींना ही कल्पना प्रिय असली तरी ज्या घरांत खरा रोगी आहे, त्या घराचा तिनें घात होतो. म्हणून या चित्रपटाच्या जोडीला दुसरा एक मराठी चित्रपट पाहिलाच पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजू

२००४ सालचा ‘देवराई’ हा तो चित्रपट. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीनें तो केला. स्किझोफ्रेनियानें ग्रस्त झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठीं आयुष्य वेंचणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांचें त्याला साह्य होतें. त्याचा नायक शेष हा बुद्धिमान तरुण. त्याच्या मनानें गांवची देवराई घेतलेली आहे. देवाच्या नांवानें राखलेलें, कुऱ्हाड न लागलेलें तें रान वांचलें पाहिजे, हा त्याचा ध्यास. विषय किती चांगला ! वनस्पतींचा अभ्यास, निसर्गाचें प्रेम, गांवच्या ठेव्याची चिंता. असा मुलगा आपल्या घरीं असता तर आपण चारचौघांत अभिमानानें सांगितलें असतें.

आणि येथेंच या चित्रपटाची भेदकता आहे. आजार चांगल्या विषयाचें पांघरूण घेऊन येतो. शेषच्या मनांतील देवराई हळूहळू खऱ्या देवराईपासून सुटी होते. भास व वास्तव यांची सरमिसळ होऊं लागते. बाहेरच्यांनीं काय सांगितलें याला तेथें प्रवेश उरत नाहीं. जो समजूत घालतो तोहि कटांत सामील असावा असें वाटूं लागतें. अतुल कुलकर्णी यांच्या डोळ्यांत दादासाहेबांचा आनंद शोधूनहि सांपडत नाहीं. तेथें भीति आहे, आणि माणसांत असूनहि एकटें पडल्याचें दुःख आहे. सोनाली कुलकर्णी यांनीं रंगविलेली बहीण त्याला आपल्या घरीं आणते, स्वतःच्या संसारावरचा ताण सोसते, आणि डॉक्टरांच्या मदतीनें एक अवघड गोष्ट शिकते. भासाविषयीं वाद घालून भास जात नाहींत. औषध, धीर आणि रोजच्या साध्या कामाची संगति यांनीं माणूस पुष्कळ अंशीं परत मिळतो.

याच नाशिकांत महाविद्यालयांत अध्यापन करणारे वसंत कानेटकर यांचें पहिलें नाटक १९५७ सालीं रंगभूमीवर आलें, तेंहि एका गृहस्थाच्या मानसिक विकाराविषयीं होतें. ‘वेड्याचं घर उन्हात’ हें त्याचें नांव. मला त्या नांवांतच मोठा अर्थ वाटतो. वेड लागतें एकाला. ऊन मात्र साऱ्या घराला लागतें.

ध्यास आणि भ्रम यांच्या जोडीला तिसराहि एक प्रकार सांगावयास हवा, कारण आपल्यासारख्या घरांत तो सर्वांत सुखानें लपून राहतो. जुन्या भाषेंत त्याला ‘मंत्रचळ’ म्हणत, आणि आजचे डॉक्टरहि हा शब्द वापरतात. हात धुतले तरी धुतले नाहींत असें वाटतें. पुन्हां धुवावे लागतात. कुलूप लावलें तरी दहा वेळां ओढून पाहावें लागतें. घरांतील एखादी बाई तास तास मोरींत काढते, आणि आपण तिला सोंवळ्याची कडक म्हणून वाखाणतों किंवा तिची थट्टा करतों. तिला काय वाटतें हें कोणी विचारीत नाहीं. विचारलें तर ती सांगेल कीं हें सारें निरर्थक आहे हें तिला कळतें, पण थांबवितां येत नाहीं. दादासाहेबांना चित्रपट हवा होता; या बाईला तो विचार नकोच आहे. हा विकार उपचारांनीं आटोक्यांत येणारा आहे, हें माहीत नसल्यामुळें कित्येकींचें आयुष्य मोरींत गेलें आहे.

यश ही कसोटी नव्हे

आपण सर्वसाधारणपणें वापरतों ती कसोटी अगदीं सोपी आहे. साधलें तर ध्यास, फसलें तर वेड. परंतु ही कसोटी घरच्या माणसांच्या कांहीं उपयोगाची नाहीं, कारण तिचा निकाल सर्व होऊन गेल्यावर लागतो. शिवाय ती दादासाहेबांच्याच बाबतींत टिकत नाहीं.

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर ते नाशिकास आले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि १९१७ चा अफाट लोकप्रिय ‘लंकादहन’ हे या काळांतले. १९१८ सालीं भांडवलदारांच्या भागींत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. मोकाशींचा चित्रपट यशाच्या पहिल्या भरांतच संपतो. जीवन तसें संपत नाहीं. भागीदारांशीं पुन्हां पटलें नाहीं. दादासाहेब सारें सोडून काशीस गेले, तेथें ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें, पुन्हां कंपनींत परतले. १९३१ त बोलपट आला आणि मूकपटांचें युग मावळलें. १९३७ च्या ‘गंगावतरण’ या त्यांच्या एकमेव बोलपटानंतर ते पुनश्च पडद्याकडे वळूं शकले नाहींत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां वैभवाचे दिवस फार मागें राहिले होते. त्यांच्या नांवाचें राष्ट्रीय पारितोषिक १९६९ पासून सुरू झालें.

मग १९१३ सालीं ते शहाणे होते आणि १९४४ सालीं वेडे, असें म्हणावयाचें काय ? मनुष्य तोच होता, ध्यासहि तोच होता. मला तर असें दिसतें, कीं वाटाण्याच्या वेलापासून आणि कॅमेऱ्याच्या भिंगापासून त्यांनीं जेवढें मुकाट्यानें शिकून घेतलें, तेवढें भागीदारांकडून घेतलें नाहीं. ध्यासाचें दारहि कधीं कधीं एका बाजूनें बंद असतें, आणि त्याची किंमत घराला मोजावी लागते. हें सांगितल्यानें त्यांचें थोरपण उणें होत नाहीं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं असलेल्या त्यांच्या स्मारकांत मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांनीं ‘राजा हरिश्चंद्र’च्या बरोबरीनें ही बाजूहि सांगावी.

घरानें काय पाहावें ?

ज्या १९१२ सालीं दादासाहेब कुंडीपुढें बसले होते, त्याच सालीं सरकारनें ‘इंडियन लुनॅसी अॅक्ट’ केला. नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले यांवरून मॅजिस्ट्रेट एखाद्यास इस्पितळांत ठेवण्याचा हुकूम देऊं शके. आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, आणि त्यांत एक वाक्य मोलाचें आहे. कोणाचें वागणें त्याच्या समाजाच्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशीं किंवा धर्मसमजुतींशीं जुळत नाहीं, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवितां येणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. दादासाहेबांच्या शेजाऱ्यांना कायद्यानें शंभर वर्षांनंतर दिलेलें हें उत्तरच होय. विकार आहे कीं नाहीं हें वैद्यकशास्त्राच्या मान्य कसोट्यांवरच ठरावयाचें आहे.

तो निर्णय डॉक्टरांचा. परंतु डॉक्टरांकडे जावें कीं नाहीं, हा निर्णय मात्र घराचा असतो. आणि त्यासाठीं घरानें तीन प्रश्न स्वतःस विचारावे. याच्या मनांत बाहेरचें बोलणें अजून शिरतें का ? हा आपल्या गोष्टींत आपणांस घेतो, कीं दार लावून एकटा बसतो ? आणि यांत याला आनंद आहे, कीं यानें हा पिडला गेला आहे ? उत्तरें मनाजोगीं येत नसतील, किंवा येतात कीं नाहीं याची शंका असेल, तर उशीर करूं नये. निरोगी माणसाचें डॉक्टरांना भेटून कांहीं बिघडत नाहीं. आजारी माणसाचें मात्र न भेटल्यानें फार बिघडतें. अंगारेधुपारे, लग्न करून दिलें म्हणजे सुधारेल ही आशा, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती यांत गेलेलीं वर्षें परत येत नाहींत.

या प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं कशीं, हेंहि त्या एका मिनिटाच्या चित्रपटानेंच शिकविलें आहे. कुंडींतला वेल रोज पाहणाऱ्याला वाढतांना कधींच दिसत नाहीं. आज कालच्यासारखाच, उद्यां आजच्यासारखाच. घरांतील माणसाचेंहि तसेंच असतें. आपण त्याला रोज पाहतों, म्हणूनच त्याच्यांतील बदल आपणांस दिसत नाहीं. वर्षानें आलेल्या मावशीला तो दारांतच दिसतो, आणि आपण म्हणतों, ‘छे, तो पहिल्यापासून असाच आहे !’ दादासाहेबांनीं महिन्याभराचीं चित्रें एकापुढें एक लावलीं तेव्हां वाढ दिसली. आपणहि एखाद्या रात्रीं जेवणें उरकल्यावर शांतपणें बसून मागील वर्षाचीं चित्रें अशींच मनांत लावून पाहावीं. गेल्या दिवाळींत तो पंक्तीला बसत होता काय ? मित्र येत होते काय ? ती शेवटची केव्हां मोकळेपणानें हसली ? डॉक्टरांच्या खोलींत पहिला प्रश्न हाच विचारला जातो, कीं हें केव्हांपासून ?

हीं चित्रें लावून पाहिल्यावर कदाचित् असें दिसेल, कीं घरांत एक सुंदर वेल चढतो आहे आणि त्याला आधाराची काठी हवी आहे. मग काकींसारखा पदर खोंवून कामाला लागावें. कदाचित् असें दिसेल, कीं मूळच कोमेजत चाललें आहे. मग त्या बहिणीसारखा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्यावें. दोन्ही घरांना सारखीच गरज आहे ती डोळे उघडे ठेवून जवळ बसणाऱ्या माणसाची.